अनुभवी पाळणाऱ्याने पुढचा साप कसा निवडावा

साप पाळणे हा विषय मराठी व्याख्यानमालेत कसा काय आला, असं काहींना वाटलं असेल. महाराष्ट्रात सापाशी आपला संबंध येतो तो नागपंचमीला, नाहीतर परसात धामण निघाली की सर्पमित्राला फोन करण्यापुरता. पाळण्याचा प्रश्न तिथे येत नाही, आणि येऊही नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी जातीचा साप असेल आणि ती जात 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत असेल, तर २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांच्यानुसार त्याची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. सगळे अजगर आणि बोआ या परिशिष्टांत येतात. भारतातल्या श्रोत्यांनी एवढं लक्षात ठेवून पुढचं ऐकावं.

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, जर्मनीत मात्र हा एक रुळलेला छंद आहे, आणि तिकडच्या मराठी घरांतही तो शिरला आहे. मुलाने हट्ट केला म्हणून कॉर्न स्नेक आला, मुलगा कॉलेजला गेला आणि साप आईबाबांकडे राहिला, अशी घरं तुमच्याही माहितीत असतील. आजचं बोलणं आहे ते अशाच लोकांसाठी. 'आमच्याकडे कॉर्न स्नेक दहा वर्षं आहे, बॉल पायथन पाच वर्षं आहे, दोन्ही ठणठणीत आहेत. आता तिसरा कोणता घ्यावा?' हा त्यांचा प्रश्न. नवख्या माणसासाठी माहिती भरपूर मिळते. या दुसऱ्या टप्प्यावरच्या माणसाला मात्र फारसं कुणी काही सांगत नाही. 'तुम्ही अनुभवी आहात, काहीही जमेल' एवढंच म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

आपण आधी 'अनुभव' या शब्दाकडे बघू. कॉर्न स्नेक दहा वर्षं सांभाळला म्हणजे कॉर्न स्नेकचा अनुभव दहा वर्षांचा झाला. हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला. शेतं, माळरानं, जुने गोठे, कुठेही राहणारा. थोडी थंडी, थोडी कोरडी हवा, एखादा चुकलेला आठवडा, सगळं सोसतो. दिलेला उंदीर मुकाट्याने खातो. त्यामुळे होतं काय, की आपल्या ज्या सवयी बनतात त्या या सोशिक सापाने बनवलेल्या असतात. पाण्याचं भांडं दोन-तीन दिवसांनी बघायचं, खाली लाकडाचा कोरडा भुसा घालायचा, एका बाजूला हीटर लावला की झालं. या सवयी चुकीच्या नाहीत, फक्त त्या एका सापाच्या मापाच्या आहेत.

आता हाच माणूस ब्राझीलचा रेनबो बोआ आणतो. का आणतो, तर उन्हात त्याच्या अंगावर इंद्रधनुष्य दिसतं. खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म रेघांमुळे प्रकाश फुटतो आणि ते रंग दिसतात. साप खरोखर देखणा. पण तो अॅमेझॉनच्या दमट जंगलातला. त्याला हवेत ७५ ते ९० टक्के आर्द्रता लागते आणि उष्णता मात्र बेताचीच, उबदार कोपऱ्यात २९-३० अंश सेल्सियस पुरतं. पिल्लू तर पेन्सिलीएवढं जाड. कॉर्न स्नेकच्या कोरड्या, गरम पेटीत ते काही दिवसांत सुकायला लागतं. पाणी भांड्यात असूनही सुकतं, कारण ते हवेमुळे सुकत असतं. मालकाला वाटतं, आपण दहा वर्षं जे करत आलो तेच तर करतोय. म्हणूनच जमलं नाही!

तेव्हा नवी जात निवडताना 'हा साप सोपा की अवघड' असं विचारून फार काही हाती लागत नाही. 'या सापासाठी आम्हाला आमची कोणती सवय मोडावी लागेल?' असं विचारावं. एक सवय मोडायची असेल तर हरकत नाही, शिकता येतं. एकदम चार मोडायच्या असतील तर थांबावं. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आता क्रमाने जाऊ. यादी मोठी असते, म्हणून एकेक चाळणी लावत जायचं.

पहिली चाळणी कायद्याची. हवाई राज्यात खाजगी माणसाला कोणताही साप ठेवता येत नाही, दंड आणि तुरुंग दोन्ही आहेत. न्यूझीलंडमध्ये तर प्राणिसंग्रहालयातही साप नाही. ऑस्ट्रेलियात राज्याचा परवाना घेऊन तिथले देशी साप पाळता येतात, पण परदेशी जात ठेवता येत नाही, अगदी साधा कॉर्न स्नेकसुद्धा नाही. फ्लोरिडाने २०२१ मध्ये बर्मीज पायथन, रेटिक्युलेटेड पायथन, ग्रीन अॅनाकोंडा हे पाळीव म्हणून बंद केले. त्याला कारण आहे. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले बर्मीज पायथन एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पसरले, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं. कुणीतरी 'आता झेपत नाही' म्हणून सोडलेल्या सापाची किंमत एका अख्ख्या जंगलाने मोजली. आपल्या लोकांच्या नोकऱ्या बदलतात, राज्यं बदलतात. आज टेक्सासमध्ये चालणारा साप उद्याच्या राज्यात चालेल का, हे आधी बघावं. भाड्याच्या घराच्या करारातही एकदा डोकवावं.

दुसरी चाळणी आयुष्याची. कॉर्न स्नेक पंधरा ते वीस वर्षं जगतो. अजगर आणि बोआ सहज वीस-तीस वर्षं काढतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे होतं, आणि कित्येक वर्षं ती नराच्या जवळही आली नव्हती. पंचेचाळिशीत तिसरा साप घेतला तर तो आपल्या निवृत्तीनंतरही असणार आहे. मुलगा नेईल का? बायकोला, नवऱ्याला तो हाताळता येतो का? हे जेवणाच्या टेबलावर बोलून घ्यावं. लग्न ठरवताना जेवढी चौकशी करतो तेवढी नको, पण निम्मी तरी करावी.

तिसरी चाळणी हवेची. आपलं घर कोणत्या गावात आहे? शिकागो, टोरांटो, मिनियापोलिस इथे हिवाळ्यात घर तापवलं की आतली हवा एकदम कोरडी होते, आपलेच ओठ फुटतात. अशा घरात रेनबो बोआ किंवा ग्रीन ट्री पायथन ठेवायचा म्हणजे पाच महिने हवेशी झगडा. पेटी बंदिस्त करावी तर बुरशी धरते, उघडी ठेवावी तर ओलावा जातो. याउलट रोझी बोआ हा नैर्ऋत्य अमेरिकेच्या वाळवंटी भागातला, दोन-तीन फुटांचा, शांत. त्याला दमट ठेवलं तर तो आजारी पडतो. केनियन सँड बोआ तर आपल्या मांडुळाचा आफ्रिकेतला भाऊबंद, दिवसभर वाळूत पुरून घेऊन बसणारा. ज्या घरात जी हवा आपोआप असते तिच्याशी जुळणारा साप घेतला, तर निम्मं काम घरच करतं.

आणि इथेच आपल्या लोकांचा एक खास मुद्दा येतो. दर वर्षी किंवा वर्षाआड आपण तीन-चार आठवडे भारतात जातो. मोठा कॉर्न स्नेक किंवा रोझी बोआ महिनाभर उपाशी राहिला तर त्याचं काही बिघडत नाही. शेजाऱ्याने आठवड्यातून दोनदा पाणी बदललं आणि थर्मोस्टॅटवरचा आकडा बघितला की पुरे. पण ज्या सापाला रोज फवारा लागतो, ज्याची आर्द्रता सकाळ-संध्याकाळ तपासावी लागते, तो शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवता येत नाही. तेव्हा सांभाळणारा माणूस आधी शोधा, साप मग.

चौथी चाळणी अन्नाची. गोठवलेला उंदीर कोमट करून दिला की खातो, अशा जाती बऱ्याच आहेत. पण 'काहीतरी वेगळं' शोधणारा अनुभवी माणूस नेमका बाकीच्यांकडे ओढला जातो. आफ्रिकेतला अंडीखाऊ साप, डॅसिपेल्टिस, पक्ष्यांच्या अंड्यांशिवाय काहीही खात नाही. उंदीर आवडत नाहीत त्यांना हे फार सोयीचं वाटतं. पण त्याच्या पिल्लाला फिंचसारख्या इवल्या पक्ष्याचं अंडं लागतं, लहान सापाच्या तोंडात कोंबडीचं अंडं मावायचं कसं? फिंचची अंडी वर्षभर मिळण्याची सोय नसेल तर तो विचार सोडावा. वेस्टर्न हॉगनोज जंगलात बेडूक-भेक खातो, त्यामुळे त्याची काही पिल्लं सुरुवातीला उंदराला तोंड लावत नाहीत. म्हणून विकत घेताना 'किती वेळा जेवला, काय जेवला' याची लेखी नोंद मागावी. नोंद नसेल तर ते पिल्लू घेऊ नये.

पाचवी चाळणी: साप आला कुठून? हा प्रश्न पाळणाऱ्याच्या सोयीचाही आहे आणि नीतीचाही. ग्रीन ट्री पायथनचंच घ्या. न्यू गिनीतला हा हिरवा अजगर. पिल्लं पिवळी किंवा तांबडी असतात आणि मोठेपणी हिरवी होतात. इंडोनेशियातून तो 'फार्ममध्ये जन्मलेला' म्हणून निर्यात होत असे. लायन्स आणि नातुश या दोन अभ्यासकांनी प्रत्यक्ष फिरून पाहणी केली आणि २०११ मध्ये मांडलं, की असे निर्यात होणारे साप निदान ८० टक्के तरी जंगलातून धरलेले असतात. कागद फार्मचा आणि साप जंगलाचा. असा साप पोटात जंत घेऊन, भेदरलेला आणि अर्धमेला होऊन पोचतो. स्वस्त मिळतो म्हणून घ्यावा, तर डॉक्टरच्या बिलात ती बचत जाते, आणि तिकडच्या जंगलातला एक साप कमी होतो तो वेगळाच. त्यामुळे शक्य तिथे स्थानिक पैदासकाराकडूनच घ्यावा, पिल्लाचे आईबाप बघायला मागावेत. दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून उठून यावं.

सहावी चाळणी विषाची, आणि इथे अनुभवी माणसालाच जास्त धोका आहे. मराठीत आपल्याकडे 'निमविषारी' असा एक शब्द आहे. हरणटोळ, मांजऱ्या हे त्यात येतात. विषाचे दात तोंडात मागे असतात, माणसाला सहसा फारसं काही होत नाही. या 'सहसा'वर किती भरवसा ठेवायचा? शिकागोच्या फील्ड म्युझियमचे कार्ल श्मिट हे जगातले नावाजलेले सर्पतज्ज्ञ. २५ सप्टेंबर १९५७ रोजी ओळख पटवण्यासाठी आलेला बूमस्लँगचा एक लहान साप त्यांना अंगठ्याला चावला. त्या काळी मागच्या दाताच्या सापांचा एवढा धसका कुणी घेत नसे. ते आपल्या लक्षणांची नोंद करत राहिले आणि दुसऱ्या दिवशी वारले. फ्रँकफुर्टचे रोबर्ट मेर्टेन्स हेही तसेच मोठे. त्यांना १९७५ मध्ये त्यांच्या स्वतःच्या पाळीव ट्विग स्नेकने दंश केला आणि त्यातच ते गेले. ही माणसं अडाणी नव्हती, बेफिकीरही नव्हती. त्यांचा अनुभव ज्या सापांचा होता त्यांत हा साप बसत नव्हता, एवढंच.

आजही बाजारात फॉल्स वॉटर कोब्रा मिळतो. दक्षिण अमेरिकेतला, सहा-सात फुटांचा, दिवसा जागा असणारा, माणसाकडे टक लावून बघणारा. पाळणारे त्याच्या प्रेमात पडतात. पण त्यालाही मागे विषदंत आहेत, तो चावला की सोडत नाही, चावत राहतो, आणि हात सुजतो. जेवणाच्या बाबतीत इतका अधाशी की हाताला उंदराचा वास असेल तर हातालाच धरेल. अशा सापासाठी आकडी वापरायची सवय, जेवण देताना वेगळी शिस्त, कुलूप, आणि घरात लहान मूल नसणं, हे सगळं हवं. सरळ विषारी सापांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: घर ही त्यांची जागा नाही. जवळच्या इस्पितळात त्या सापाचं प्रतिविष नसेल, आणि परदेशी जातींचं ते बहुधा नसतंच, तर आपल्या छंदाची जोखीम रुग्णवाहिकेतल्या माणसांवर आणि घरच्यांवर पडते.

सातवी आणि शेवटची चाळणी, जी जवळजवळ सगळेच विसरतात: घरातले जुने साप. नवा साप रोग घेऊन येऊ शकतो. बोआ आणि अजगरांमध्ये 'इन्क्लूजन बॉडी डिसीज' नावाचा असाध्य आजार आहे. त्याच्याशी एरिनाव्हायरस या विषाणूंचा संबंध २०१२ मध्ये उघड झाला. बोआ हा विषाणू अंगात घेऊन महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं धडधाकट दिसू शकतो. अजगराला मात्र तो लवकर मारतो. अजगरांमध्ये निडोव्हायरसचा श्वसनाचा आजारही असाच लपून येतो. आणि सापाच्या अंगावरचे बारीक काळे माइट तर एका पेटीतून दुसऱ्या पेटीत आपणच हातांनी नेतो. तेव्हा नवा साप वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या भांड्यांनी किमान तीन महिने, आणि बोआ-अजगर असेल तर सहा महिने ठेवावा. आधी जुन्या सापांचं करावं, मग नव्याचं, आणि हात धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर शोधून विषाणूंची तपासणी करून घ्यावी. ज्याच्या घरात वेगळी खोलीच नाही त्याने तिसऱ्या सापाचा बेत पुढे ढकलावा. दहा वर्षं सांभाळलेला साप नव्याच्या हौसेपायी गमावणं, याला अनुभव म्हणत नाहीत.

आता हे सगळं एकत्र करून एक उदाहरण सोडवू. शिकागोकडचं घर. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन आधीपासून. हिवाळ्यात हवा कोरडी. डिसेंबरात चार आठवडे पुण्याला जायचं. घरात आठ वर्षांची मुलगी. एक रिकामी खोली आहे. पाळणाऱ्याच्या मनात पाच नावं आहेत: ग्रीन ट्री पायथन, रेनबो बोआ, फॉल्स वॉटर कोब्रा, कार्पेट पायथन, बुलस्नेक.

ग्रीन ट्री पायथन आणि रेनबो बोआ हवेच्या चाळणीत अडकतात, आणि डिसेंबरच्या प्रवासाने उरलीसुरली आशाही जाते. फॉल्स वॉटर कोब्रा मुलीमुळे बाद. कार्पेट पायथन हा मूळ ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला. ऑस्ट्रेलिया आपले प्राणी व्यापारासाठी बाहेर पाठवत नाही, पण अमेरिकेत त्याची पैदास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पिल्लं चावरी, मोठेपणी बहुतेक निवळतात, झाडावर चढणारा चपळ साप. कॉर्न स्नेकवाल्याला इथे एकच सवय नवी शिकायची: उभी, उंच पेटी आणि फांद्या. चालण्यासारखा आहे. फक्त घरात बॉल पायथन असल्यामुळे अजगरांचे रोग हा मुद्दा उरतो, म्हणजे विलगीकरण आणि तपासणी काटेकोर हवी.

आणि बुलस्नेक. उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवरचा, पाच-सहा फुटांचा, कोरडी हवा चालणारा, उंदीर आनंदाने खाणारा. घाबरला की एवढ्या मोठ्याने फुत्कारतो की पाहुणे खोलीबाहेर पळतात. कुळ कॉर्न स्नेकच्या जवळचं, त्यामुळे बॉल पायथनला त्याच्यापासून बोआ-अजगरांच्या रोगांची भीती कमी. मोडायची सवय एकच: कॉर्न स्नेकच्या पेटीत तो मावत नाही. त्याला सहा फूट लांब, उकरायला माती असलेली जागा हवी. मात्र तो तिथला देशी साप असल्यामुळे राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते विचारून घ्यावेत. आम्ही या घराला बुलस्नेकच सांगू. यादीतला तो सगळ्यात देखणा नाही, पण या घरात वीस वर्षं सुखाने राहील असा तोच आहे.

व्याख्यान संपताना एका बाईंनी विचारलं, 'एवढ्या चाळण्या लावल्यावर काहीच उरलं नाही तर?' तर काहीच घेऊ नये, हेही उत्तरच आहे. हात शिवशिवत असतील तर आहे त्या कॉर्न स्नेकची पेटी दुप्पट करा, तिच्यात फांद्या, माती, लपायला दोन-तीन जागा घाला. दहा वर्षं एका कोपऱ्यात पडून असलेला साप रात्री कुठे कुठे फिरतो ते बघा. अनेकांना त्यातच नवा साप घरात आल्यासारखं वाटतं.

दुसरा प्रश्न होता, 'मग सुरुवात कशापासून करावी?' साप आणण्याच्या महिनाभर आधी रिकामी पेटी मांडून ठेवा. थर्मोस्टॅट लावा, दोन्ही टोकांना तापमापक आणि एक आर्द्रतामापक ठेवा, आणि रोज सकाळ-रात्री आकडे वहीत लिहा. थंडीतल्या एका आठवड्याचे आकडे त्यात यायला हवेत. तीस दिवस रिकाम्या पेटीतली हवा जागेवर राहिली, तर पैदासकाराला फोन करा. राहिली नाही, तर दोष पेटीत आहे, आणि ती दुरुस्त करायला हीच वेळ चांगली, कारण आत अजून कुणी नाही.